चौऱ्याऐंशी वस्तूंवरचे बाबा

किती प्रती, असं झेरॉक्सवाल्यानं विचारलं आणि मी चौदा म्हणाले. चौदा हा आकडा आईचा. बँकेला दोन, निवृत्तिवेतनाच्या कचेरीत तीन, वीज, पाणी, टेलिफोन यांना एकेक, आणि बाकीच्या घरात असू देत, लागतात, असं ती म्हणाली होती. जणू मृत्यूचा दाखला ही मेणबत्त्यांसारखी घरात हाताशी असावी अशी गोष्ट आहे. झेरॉक्सवाल्यानं दाखला काचेवर पालथा घातला, झाकण लावलं, आणि हिरवा उजेड इकडून तिकडे सरकू लागला. प्रत्येक फेरीला, बाबा गेले असं नव्यानं सांगणारा एक कोमट कागद बाहेर येऊन पडत होता. पहिल्या चार कागदांपर्यंत मी गंभीर होते. पाचव्यापासून मोजायला लागले, कारण मोजणं आमच्या घराण्यातलं आहे. नवव्या कागदाला फोन किणकिणला. सूचना अशी होती: अभिनंदन, तुमच्या दुकानातली पहिली वस्तू विकली गेली आहे. वस्तू, पायपुसणं, मोठं. चित्र, बाबा-दुपार-शेवटचं-३. खाली वस्तू कशी दिसेल त्याचा नमुना होता. एका स्नानगृहाच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर, काचेच्या दाराशी, माझे वडील खुर्चीत रेलून डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या छातीवर, सदऱ्याच्या बरोबर दुसऱ्या बटणाशी, कुणाची तरी दोन ओली पावलं उमटलेली दाखवली होती.

झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, कागद संपलाय, घालतो, थांबताय ना. मी थांबले. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं आणि कागद घातला जाण्याची वाट पाहणं हे निदान एक काम होतं.

बाबा वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. चौतीस वर्षं ते लोकांच्या दुकानांत शिरून त्यांच्या तराजूत स्वतःची वजनं टाकत आले, आणि त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर, घरीदेखील, समोरचा माणूस काही ग्रॅमांनी कमी भरेल अशी एक अपेक्षा कायमची बसली होती. पहिल्या भेटीत लोक घाबरत. दुसऱ्या भेटीत त्यांना कळायचं की हा माणूस कमी भरण्याची जवळजवळ प्रेमानं वाट बघतो, आणि एखादा पुरा भरला तर जरा खट्टू होतो. मी अकरा वर्षं एकाच प्रकाशनासाठी शाळेच्या पुस्तकांतली चित्रं काढली: फुगा धरलेला मुलगा, झाडाला पाणी घालणारे आजोबा, बेडकाच्या पोटातली रचना, पुन्हा फुगा धरलेला मुलगा. मग प्रकाशनानं तयार चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली आणि मला एक अत्यंत सभ्य पत्र पाठवलं. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की ते प्रकाशनाला शिव्या देतील. ते म्हणाले, ‘एका पायाच्या स्टुलाला काठी म्हणतात. अकरा वर्षं तू काठीवर बसली होतीस. तोल सांभाळलास हे कौतुकाचं आहे, पण स्टूल नव्हतं ते.’

त्यातून नदीवाले आमच्या आयुष्यात आले. नदीवाले हे बाबांनी ठेवलेलं नाव. हा गृहस्थ संगणकाच्या पडद्यावर, मागे पुस्तकांच्या कपाटाचा कागदी पडदा लावून, कलावंतांना ऑनलाइन कमाईचे धडे द्यायचा. त्याचं म्हणणं असं की कलावंताच्या उत्पन्नाला सात प्रवाह हवेत. एक आटला तरी सहा वाहते राहतात. बाबा वही घेऊन बसायचे. माणूस त्यांना लबाड वाटत होता, पण सात हा आकडा पटला होता. चौथ्या व्याख्यानानंतर ते म्हणाले, सात म्हणतो आणि सहाच देतो, आणि तसं त्यांनी लेखी कळवलंही. उत्तर आलं की सातवा प्रवाह हा पुढच्या, सशुल्क वर्गात शिकवला जातो. बाबांना इतका आनंद मी दादाच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. ते उत्तर त्यांनी छापून घेतलं आणि चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं.

तर आम्ही प्रवाह काढायला लागलो. आम्ही, कारण निवृत्त निरीक्षकाला तपासायला काहीतरी लागतं. मी माझे टॅबलेटवरचे ब्रश विकायला ठेवले, ढगांचे, गवताचे, जुन्या भिंतीच्या पोपड्यांचे. एका बाईंनी ढगांचा संच परत केला, ढग फार उदास येतात म्हणून, आणि बाबांनी खिडकीत उभं राहून दहा मिनिटं आकाश पाहून सांगितलं की तक्रारीत तथ्य आहे. मी लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढून दिली. एका गृहस्थाला कुत्र्याचं हसू उपरोधिक वाटलं. ते चार वेळा बदललं, आणि पाचव्या वेळी त्यांनी कुत्र्याचा नवा फोटो पाठवला, तेव्हा दिसलं की कुत्राच तसा हसतो. मी शिकवण्या चित्रित केल्या, ज्यांतल्या दुसऱ्या धड्यात छायाप्रकाशाबद्दल मी काही महत्त्वाचं सांगत असताना बाबा पडद्यावर डावीकडून येतात, स्क्रूड्रायव्हर कुठे आहे विचारतात, आणि उजवीकडून जातात. तो धडा सर्वांत जास्त पाहिला गेला. मग चौथा प्रवाह, वस्तूंचा. एका संकेतस्थळावर चित्र चढवायचं, ते लोक मागणीप्रमाणे ते कपावर, सदऱ्यावर, पडद्यावर छापून परस्पर गिऱ्हाइकाकडे पाठवतात, आपण फक्त चित्र द्यायचं. बाबांनी नमुन्याचा एक कप मागवला. त्यावर तीनशे तीस मिलिलिटर लिहिलं होतं. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, मापानं पाणी ओतलं, खाली वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि तीनशे बारा, असं इतक्या तृप्त आवाजात म्हणाले की आई बाहेरून बघायला आली. कपावर माझं चित्र होतं, दोन मांजरं आणि एक खिडकी. ते त्यांनी पाहिलं का, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारायची पद्धत नव्हती. त्यांनी माझ्या चित्राविषयी कधीच काही म्हटलं नाही, आकार सोडून.

झेरॉक्सवाल्यानं चौदा कागद ठोकून सारखे केले, पिन मारू का विचारलं, आणि मी नको म्हणाले. बाहेर आले. दुकानाला लागून एक बाकडं होतं, त्यावर बसले, आणि त्या पानावर गेले जिथे माझं दुकान भरलेलं होतं. ते मीच भरलं होतं, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात घर माणसांनी भरून गेलं होतं आणि येणारा प्रत्येक जण मला धीर देऊन तो माझ्याकडून परत घेऊन जात होता. मी आतल्या खोलीत दार लावून काम करतेय असं सांगितलं, आणि काम दिसावं म्हणून नदीवाल्यांनी सांगितलेली एक गोष्ट केली: चित्रांची अख्खी फाइल एका झटक्यात चढवायची आणि ‘सर्व वस्तूंवर लावा’ या चौकोनात खूण करायची. यंत्राचं वाटोळं चक्र पडद्यावर फिरत राहिलं आणि मी ते बघत राहिले. फार बरं वाटलं. शेजारच्या काकू दाराबाहेर म्हणत होत्या की पोरगी सावरतेय. त्या फाइलमध्ये बाबा होते हे मला माहीत होतं का? माहीत असणारच. पण माहीत असणं आणि आठवणं यांत त्या दिवसांत माझ्या डोक्यात बरंच अंतर पडलं होतं.

सर्व वस्तू म्हणजे चौऱ्याऐंशी. मी बाकड्यावर बसून एकेक उघडत गेले. बाबा उशीवर होते, एप्रनवर होते, आंघोळीच्या पडद्यावर पुरुषभर उंचीचे होते. बाळाच्या लाळेऱ्यावर होते. मोज्यांच्या जोडीवर ते दोनदा होते, डाव्या पायावर उलटे. व्यायामाच्या चटईवर लांबुळके झाले होते, नाकाची लांबी चेहऱ्याच्या निम्म्यावर गेली होती, आणि ते प्रमाण पाहून त्यांनी कुणाला तरी लेखी कळवलं असतं. कुत्र्याच्या गादीवर ते मध्यभागी होते आणि एक कुत्रा, नमुन्याचा, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. तो फोटो इतका चांगला होता की मी तिथे जरा थांबले. यंत्रानं चित्राला स्वतःच मथळा दिला होता: गाढ झोपलेले आजोबा, गमतीदार. मला हसू आलं आणि समोरून जाणाऱ्या एका बाईंनी माझ्या मांडीवरचा वरचा कागद वाचून माझ्याकडे फार कीव करून पाहिलं.

ते चित्र मी बाबांच्या शेवटच्या दुपारी काढलं. आमच्या धंद्यात फाइलला शेवटचं असं नाव दिलं की ती शेवटची नसते. शेवटचं-२ होतं, शेवटचं-३ होतं, एकदा बेडकाचं शेवटचं-११ झालं होतं. त्या दिवशी तीन दहाला मी सुरुवात केली. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, जेवण झालं होतं, पेपर हातात होता, मी टॅबलेट घेऊन समोर बसले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, बरं झालं. जागे बाबा कुणाला काढता आले नसते. ते हलायचे, उठायचे, तुझा टॅबलेट वाकडा आहे म्हणायचे. चाळीस मिनिटं मी काढत बसले. गालावरचा उजेड जमत नव्हता, तो तीन वेळा पुसला. चारच्या सुमाराला मी चपला हातात घेऊन, अनवाणी, बाहेर पडले, आवाज होऊ नये म्हणून. मला कुत्र्याच्या चित्राची चौकट आणायची होती. साडेपाचला आई त्यांना चहाला उठवायला गेली. डॉक्टर म्हणाले झोपेत गेले, पाच ते सव्वापाच, काही कळलंही नसेल. आणि मग, घड्याळ बांधता बांधता, चांगुलपणानंच, ते म्हणाले की कधीकधी हे दुपारपासूनच सुरू झालेलं असतं, माणूस झोपलेला वाटतो आणि हळूहळू उतरत असतो. ते वाक्य त्यांनी सहज खोलीत ठेवलं आणि गेले. गेले पाच आठवडे मी त्याला अडखळत होते. कारण मग ते चित्र कशाचं होतं? माझे वडील समोर हातभर अंतरावर उतरत होते आणि मी गालावरचा उजेड दुरुस्त करत होते, आणि मला, जिचा धंदाच बघण्याचा आहे, काही दिसलं नाही. म्हणून ते चित्र मी आईला दाखवलं नव्हतं. ती बघेल आणि तिला ते दिसेल, अशी मला खात्री होती. मी फक्त ते चौऱ्याऐंशी वस्तूंवर जगासमोर ठेवलं होतं.

संकेतस्थळावर मदतीला एक यंत्र होतं, त्याचं नाव सखी. सखी म्हणाली की आज संध्याकाळी सहाला वस्तू छपाईला जाईल, तोवर मला मागणी रद्द करता येईल, मात्र विक्रेत्यानं पहिलीच मागणी रद्द केली तर दुकान तीन महिने बंद राहतं. तिनं रद्द करण्याची कारणं दिली: रंग चुकला, माप चुकलं, दोनदा नोंद झाली, इतर. मी इतर निवडलं. कृपया थोडक्यात लिहा, असं ती म्हणाली. मी लिहिलं, हे माझे वडील आहेत. सखीनं क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं आणि म्हणाली, छान, वडिलांसाठी भेटवस्तू शोधताय का?

मग मी दादाला फोन केला. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि विम्याचं काम करतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि सगळ्या गोष्टींत नुकसान किती हे आधी विचारतो. मी सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, पायपुसणं मोठं म्हणजे किती बाय किती. मी माप सांगितलं. तो म्हणाला हे भयंकर आहे, लोक पाय पुसणार, ताबडतोब रद्द कर, दुकान गेलं खड्ड्यात, तुला काही अक्कल आहे का, तू लहानपणापासून अशीच. हे सगळं मला अपेक्षित होतं आणि ऐकून जरा आधारही वाटला. फोन ठेवताना त्यानं विचारलं, कप आहे का त्यांचा. मी म्हटलं आहे. किती मिलिलिटर, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, लिहिलेले तीनशे तीस.

विक्रेत्याला गिऱ्हाइकाशी बोलायची सोय असते. मी खूप विचार करून लिहिलं की आपण मागवलेलं पायपुसणं चुकून विक्रीला लागलं आहे, चित्र खासगी आहे, आपण आपणहून मागणी रद्द केलीत तर उपकार होतील. उत्तर दोन मिनिटांत आलं. रद्द का करू मॅडम, आवडलंय म्हणून घेतलं. माझं गाद्यांचं दुकान आहे. दारात टाकायचंय. गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकतानाच झोप आली पाहिजे. मी ते वाचलं. इथे शहाण्या बाईनं पुन्हा एकदा विनंती केली असती. पण माझ्या बोटांनी वेगळंच लिहिलं: चित्रातला माणूस तुम्हाला नक्की झोपलेला वाटतो का? गादीवाला जरा दुखावल्यासारखा वाटला. त्यानं लिहिलं, मॅडम, सव्वीस वर्षं झोप विकतोय. ही एक नंबर झोप आहे. असा माणूस दुकानात गादी बघायला म्हणून आडवा झाला की मी बाकीच्यांना हळू बोलायला सांगतो.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या बाकड्यावर, चौदा दाखले मांडीवर घेऊन, एकदम हलकी झाले. डॉक्टरांनी माणसं मरताना पाहिली असतील, पण झोप? झोपेतला तज्ज्ञ हा होता. सव्वीस वर्षांचा अनुभव होता. त्याला एका अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर झोप दिसली होती, शुद्ध, भेसळ नसलेली झोप, आणि ती मी काढली होती. त्या उपकारापुढे एक पायपुसणं काय. बाबांचं वजन उभ्या आयुष्यात एकसष्ट किलोच्या वर गेलं नाही, गिऱ्हाइकं त्यांच्यावरून हळूच जातील, असं काहीतरी मी स्वतःला सांगू लागले. घराकडे चालत निघाले तेव्हा मी जवळजवळ ठरवलं होतं की सहा वाजू द्यायचे. दुकानं उघडी होती, एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलत होता, खाली दुसरा शिडी धरून वर सूचना देत होता, आणि मला दोघांचंही कौतुक वाटत होतं. जिना चढताना मात्र तो हलकेपणा पायरीगणिक कमी भरू लागला. परक्या माणसाची ग्वाही ही परक्या माणसाचीच असते. गादीवाल्यानं बाबांना पाहिलेलंच नव्हतं. त्यानं माझं चित्र पाहिलं होतं, आणि चित्रात मी जे पाहायला तयार होते तेवढंच होतं.

दार आईनं उघडलं आणि दारातच हात पुढे केला. मी तिच्या हातात चौदा प्रती ठेवल्या. तिनं त्या न बघता चपलांच्या कपाटावर ठेवल्या आणि हात पुन्हा पुढे केला.

‘दाखव.’

‘काय?’

‘दादाचा फोन आला होता. काय ते दाखव.’

दादाला लहानपणापासून पोटात काही ठेवता येत नाही. माझी पहिली सिगारेट त्यानं आईला मी ती विझवायच्या आत सांगितली होती. मी म्हणाले की आता नको, उद्या बघू, चार्जिंग नाही. आई जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली, जवळचा चष्मा शोधला, तो पुसला, आणि वाट बघू लागली. ती शाळेत ग्रंथपाल होती. लोक पुस्तकं परत आणून देतात यावर तिचा फार विश्वास आहे. पाच वीस झाले होते. मी टॅबलेट उघडला, चित्र लावलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तिथून मला समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकताना दिसत होतं. मी तो गालिचा झटकून होईपर्यंत मोजले, बावीस झटके, आणि आता तिला दिसलं असणार असं मला वाटलं.

‘कॉलर फाटकी काढलीस,’ आई म्हणाली.

‘फाटकी होती.’

‘होती ना. मी दुसरा सदरा काढून ठेवला होता.’ मग जरा वेळानं, ‘कधी काढलंस हे?’

‘त्याच दिवशी. तू आत पडली होतीस. तीन दहाला सुरू केलं, चारच्या आत संपलं. आई, ते झोपले होते. मला तरी तसंच वाटलं.’

‘कोण झोपलंय?’

मी वळले. आईनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं होतं आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघत होती, जिथे मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. हात आणि पेपर मी शेवटी, घाईत, जसे दिसले तसे उरकले होते.

‘हे सोंग आहे,’ आई म्हणाली. ‘अंगठा बघ.’

मी बघितला. पेपर मांडीवर मिटलेला होता आणि बाबांचा उजवा अंगठा पानांच्या आत होता.

‘झोप लागली की आधी पेपर खाली पडायचा, मग चष्मा. एकेचाळीस वर्षं मी दोन्ही उचललेत. हा माणूस पान राखून बसलाय. तू उठून गेलीस की पुढचं वाचायचं होतं त्यांना. माझा भाऊ यायचा ना गप्पा मारायला, तेव्हा हेच करायचे. तो बिचारा पाय न वाजवता निघून जायचा.’ आई हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा, आणि तेही थोडं रागावून. ‘शब्दकोडं पुरं केलेलं होतं त्या दिवशीचं. मी पेपर ठेवलाय. जेवताना निम्मं झालं होतं, उरलेलं तू गेल्यावर केलं असणार. मी गेले तेव्हा पेपर खाली होता आणि चष्मापण.’

मी तिच्या शेजारी बसले. मी विचारलं, जागे होते तर बोलले का नाहीत.

‘तू काम करत होतीस,’ आई म्हणाली, हे कुणालाही कळावं अशा आवाजात. मग तिनं पायपुसणं पाहायला मागितलं, जाड आहे का, मागे रबर आहे का विचारलं, आणि शेवटी नको म्हणाली. जागा माणूस असा पायाखाली बरा दिसत नाही.

पाच एकतीसला मी गादीवाल्याला लिहिलं की चित्रातला माणूस झोपलेला नाही, झोपेचं सोंग करतो आहे, पुरावा म्हणून उजवा अंगठा पाहावा, आणि हे मत त्यांच्या पत्नीचं आहे. बराच वेळ काही आलं नाही. आई म्हणाली त्याला राग आला असेल. पाच चव्वेचाळीसला उत्तर आलं. मोठं करून बघितलं मॅडम. अंगठा बरोबर आहे. आईंना नमस्कार सांगा, आमच्या धंद्यात पाहिजेत अशी माणसं. जागा माणूस मला दारात चालणार नाही, गिऱ्हाइकाला गादीबद्दल शंका येते. रद्द करतो. त्यानं रद्द केलं, आणि सखीनं विचारलं तेव्हा कारण दिलं, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. त्याबद्दल माझ्या दुकानाच्या मानांकनातला एक तारा कापला गेला. बाबांनी ती तक्रार मंजूर केली असती, अभिप्रायासह.

मी चौऱ्याऐंशी वस्तूंवरच्या खुणा एकेक करून काढायला बसले. सगळ्या एकदम काढायची सोय नव्हती. लावायला एक चौकोन होता, काढायला चौऱ्याऐंशी. आई शेजारी बसून प्रत्येक वस्तूवर मत देत होती आणि मोज्यांपाशी तिनं मला थांबवून पुन्हा दाखव म्हटलं. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी त्या दुपारच्या चाळीस मिनिटांत परत गेले होते आणि तिथलं सगळं सामान आता हललेलं होतं. काढताना मी पुटपुटते, ही माझी सवय आहे. एकटी असले की जास्त. त्या दुपारी मी स्वतःला एकटी समजत होते. मी उजेडाला शिव्या दिल्या होत्या. नाक जरा मोठं आहे पण त्याला इलाज नाही, असं म्हटलं होतं. कपाळ चांगलं आहे म्हटलं होतं, आणि हे म्हातारे होताना इतके सुंदर कधी झाले, कुणी सांगितलं नाही आपल्याला, असंही म्हटलं होतं, जे मी त्यांच्या तोंडावर मेले तरी म्हटलं नसतं. आणि मध्येच कधीतरी, उजेड गालावरून निसटायला लागला तेव्हा, मी कुरकुरले होते की मान थोडी खिडकीकडे असती तर किती बरं झालं असतं. जरा वेळानं, झोपेत वळावी तशी, ती वळली होती. मी पुटपुटतच नशिबाचे आभार मानले होते, आणि ते हातभर अंतरावर, डोळे मिटून, हूं की चूं न करता स्वीकारले गेले होते.